चकलीतला निखारा

गोदूआत्यांनी त्या काचेवर पहिल्यांदा पोळ्या लाटल्या.

यात त्यांचा काही दोष नव्हता. देवरुखाजवळच्या आपल्या गावाहून त्या डोंबिवलीला आल्या त्याला आठवडाही झाला नव्हता. भाचा आनंद मुंबईच्या एका कचेरीत नकाशे काढायला जायचा, त्याची नवी नवरी शुभदा कल्याणला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि घर दिवसभर कुलपात. तेव्हा आनंदनंच गावी येऊन गळ घातली होती, "आत्या, दिवाळीपर्यंत तरी चल. घराला घरपण येईल." आत्यांनी बोचकं बांधलं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून त्या अशाच कुणाकुणाच्या घराला घरपण द्यायला जात आल्या होत्या. कुठं बाळंतपण, कुठं आजारपण, कुठं मुंज. काम संपलं की परत.

तर त्या दिवशी पोळपाटाचा पाय निखळला. दुसरं काही मिळतंय का म्हणून आत्या शोधायला लागल्या, आणि तांदळाच्या डब्यामागं जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या दोन काचा त्यांच्या हाताला लागल्या. वीतभर रुंद, अंगठ्याएवढ्या जाड, अगदी गोल. शहरात काय काय मिळतं म्हणून आत्यांना कौतुक वाटलं. त्यांनी एक धुतली, पुसली, पीठ भुरभुरवलं आणि लाटायला घेतलं. पोळ्या पुरीपेक्षा मोठ्या आणि पोळीपेक्षा लहान झाल्या, पण काठ असे गुळगुळीत की बघत राहावं.

संध्याकाळी शुभदा शाळेतून आली, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यावरची पिठानं माखलेली काच बघून दारातच थबकली.

"आत्या, हे काय?"

"तुझा काचेचा पोळपाट. छान आहे गं. पीठ चिकटत नाही."

शुभदानं काचेकडं पाहिलं, मग आत्यांकडं. मग ती जी हसायला लागली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. आत्या गोंधळून तिच्याकडं बघत राहिल्या. हसताहसता डोळे पुसत ती म्हणाली, "आत्या, ही दुर्बिणीची काच आहे. म्हणजे, व्हायची आहे अजून."

शुभदा मूळची ठाण्याची. कॉलेजात असताना वडिलांना, अण्णांना, बरोबर घेऊन तिनं मुंबईच्या भंगारबाजारात दिवस घालवला होता आणि मोडीत काढलेल्या जहाजाच्या खिडक्यांच्या या दोन काचा शोधून आणल्या होत्या. एकीवर दुसरी घासून दुर्बिणीचा आरसा घरी करता येतो, हे तिनं वाचलं होतं. परीक्षा आली, मग नोकरी आली, मग लग्न. काचा रुखवतातल्या पितळी समयांच्या मधे गुंडाळून डोंबिवलीला आल्या आणि तांदळाच्या डब्यामागं जाऊन बसल्या.

"आणि एवढं काय बघायचंय तुला त्या दुर्बिणीतून?" आत्यांनी विचारलं. "चंद्र?"

"चंद्र बघूच. पण मला एक चक्री आकाशगंगा बघायचीय."

मग पीठ सांडलेल्या ओट्यावर बोटानं रेघा काढत शुभदानं सांगितलं. आपण उन्हाळ्यात आकाशात दुधाचा पट्टा बघतो ती आपली आकाशगंगा. तशा आणखी अगणित आहेत, दूर दूर. त्यातल्या कित्येक भोवऱ्यासारख्या असतात. मध्यभागातून हात फुटतात आणि गोल गोल वळत बाहेर जातात.

"म्हणजे चकली," आत्या म्हणाल्या.

शुभदा थांबली. ओट्यावरच्या रेघेकडं बघत म्हणाली, "हो. चकलीच." आणि पुन्हा हसली. "पण त्यातल्या काही मोजक्या चकल्या विचित्र आहेत. त्यांच्या अगदी मधोमध, एवढ्याशा जागेत, निखारा असल्यासारखा उजेड आहे. एका अमेरिकन ज्योतिर्विदानं त्या उजेडाची तपासणी केली. तर तिथला वायू सेकंदाला हजारो मैलांच्या वेगानं धावतोय. सेकंदाला, आत्या! मी कॉलेजच्या लायब्ररीत उभ्याउभ्या वाचलं आणि माझी गाडी चुकली."

"कशानं धावतोय?"

"ते कुणालाच माहीत नाही."

या उत्तराचं आत्यांना फार नवल वाटलं. त्यांची समजूत अशी, की पुस्तकात असतं ते कुणाला तरी माहीत असतं. इतकी शिकलेली माणसं, एवढाल्या दुर्बिणी, आणि तरी माहीत नाही. आणि ही पोरगी तर ते माहीत नाही म्हणून खूश दिसत होती.

खरंच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची. कृष्णविवर हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता. असल्या निखाऱ्याच्या पोटात कोटभर सूर्यांच्या वजनाचं काहीतरी दडलेलं असतं, ते भोवतालचा वायू ओढून घेतं आणि ओढला जाणारा वायू तापून एवढा झगमगतो, हे कळायला पुढं कितीतरी वर्षं जायची होती.

"मग घास की," आत्या म्हणाल्या. "काचा डब्यामागं ठेवून दिसणार आहे का ते?"

झालं. पुढच्याच रविवारी परसात एक रिकामं पिंप उपडं घातलं गेलं. हलू नये म्हणून बुडाशी दगड रचले. एक काच पिंपावर पाचर ठोकून बसवली, तिच्यावर काच झिजवायची करकरीत काळी पूड आणि पाणी, आणि वर दुसरी काच. दोन्ही हातांनी वरची काच पुढंमागं घासायची, दर थोड्या वेळानं ती जराशी फिरवायची, आणि आपण स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं करत गेलं की वरची काच हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. शुभदानं करून दाखवलं. आत्या शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. काचेचा खर्र खर्र आवाज ऐकताऐकता त्यांचे हात शेंगांवरच थांबले. शेवटी राहवेना. पदर खोचून त्या उठल्या.

"सर. मला दे जरा."

शुभदाला वाटलं होतं, आत्या दोन फेऱ्या मारतील आणि दमतील. पण जन्मभर दळण दळलेले ते हात. काच आत्यांच्या तळव्याखाली अशी सरकायला लागली, जणू तिला तेच हवं होतं. त्या दिवसापासून कामाची वाटणीच झाली. दुपारच्या वेळी आत्या घासत, संध्याकाळी शुभदा येऊन मोजमाप करी आणि उद्या किती आणि कुठं घासायचं ते सांगे. पूड बदलत गेली. आधी रव्यासारखी, मग मैद्यासारखी. आत्यांना पूर्वी दुपार फार लांबलचक वाटायची. आता चहाची वेळ कधी झाली ते कळेनासं झालं.

परसाला कुंपण होतं ते नावापुरतं. गल्लीतल्या बायकांना दिसायचं ते एवढंच: आनंदरावांची आत्या रोज दुपारी पिंपाला प्रदक्षिणा घालते. शेजारच्या त्र्यंबकरावांच्या पत्नी, ज्यांना सगळी आळी नुसतं काकू म्हणायची, त्यांनी एकदा न राहवून विचारलंच.

"गोदूबाई, हे कुठलं व्रत म्हणायचं?"

"काचेचं," आत्या गंभीरपणे म्हणाल्या. "फळ आकाशात आहे म्हणतात."

काकूंनी हात जोडले आणि घरात गेल्या. दूध घालणारी रंगूबाई मात्र सरळ कुंपणाच्या आत आली. ती खाडीकडच्या गावातली आगरी बाई. तिला आडपडदा माहीत नव्हता. "आगो बाय, यो काय घासतंस गो रोज?" आत्यांनी तिलाही एक फेरी घासायला दिली. तिनं घासली, तळवा बघितला आणि म्हणाली, "आमचे मिठागराचं काम बरा याच्यापरीस."

एवढं सगळं सुरळीत चाललं असं नाही. राळ आणि मेण वितळवून काचेला शेवटची झिलई द्यायची होती, त्यात आत्यांचं एक चांगलं पातेलं कायमचं गेलं. आनंदची दाढीची पाती एकामागून एक नाहीशी होऊ लागली. आरशाचा बाक बरोबर उतरलाय की नाही ते पाहायला कंदिलाचा बारीक किरण पात्याच्या धारेनं कापून बघावा लागे. गालावर खुंट वाढवून आनंद कचेरीत जाऊ लागला तेव्हा साहेबानं घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. आणि झिलई जवळजवळ संपली असताना, दिवाळीच्या तोंडावर, कुठून तरी एक खडा काचेखाली आला आणि आरशावर आडवा ओरखडा उठला. शुभदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्यांनी काच उजेडात धरून पाहिली.

"पुन्हा बारीक पुडीवर जायचं ना? जाऊ. हात माझ्याजवळच आहेत, कुठं गेलेत?"

चकल्या तळून झाल्यावर त्या पुन्हा पिंपाशी उभ्या राहिल्या. दिवाळी झाली. गावी परत जायची गोष्ट आत्यांनी काढली नाही आणि दुसऱ्या कुणीही काढली नाही.

आता राहिला होता चांदीचा मुलामा. नुसत्या काचेत तारे दिसत नाहीत. तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवायचा. त्यासाठी थोडी चांदी आम्लात विरघळवावी लागणार होती. शुभदा आपल्या पैंजणांचा विचार करत होती, इतक्यात आत्यांनी ट्रंकेच्या तळातून एक लहानसा करंडा काढून तिच्यापुढं ठेवला. कुंकवाचा होता. लग्नातला. चांदी काळी पडली होती.

"आत्या, हा नको."

"का नको? छत्तीस गावं फिरलाय माझ्याबरोबर आणि एकदाही उघडला नाही. नुसतं ओझं." मग शुभदाचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "अगं वेडे, मी काही रडत देत नाहीये. मला बघायचीय ती चकली. घे."

शुभदानं तो करंडा शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. चांदीतलं तांबं वेगळं काढलं. एका रविवारी सकाळी परातीत आरसा ठेवून दोघींनी त्यावर आधी चांदी विरघळवलेलं आणि मग साखरेचं पाणी ओतलं. परातीतलं पाणी आधी चहासारखं, मग चिखलासारखं काळं झालं, आणि आत्यांना वाटलं, बिघडलं. शुभदा परात हलवत राहिली. आणि मग त्या काळ्या पाण्याखालून, पहाट व्हावी तसा, उजेड वर आला. पाणी ओतून दिलं तर खाली आरसा, आणि आरशात दोघींचे चेहरे, मोठे मोठे, तोंड उघडलेले.

"बाई गं!" आत्या म्हणाल्या. एवढंच.

नळी आनंदनं केली. सागवानी फळ्यांची चौकोनी, लांब, आणि ती वरखाली, आजूबाजूला फिरावी म्हणून लाकडी घोडा. हे मात्र त्यानं असं झोकात केलं की दाढीच्या पात्यांचं दुःख विसरला. डोळा लावायची भिंगं जुन्या फुटक्या दुर्बिणीतली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी ती अंगणात उभी राहिली. आत्यांनी पहिल्यांदा चंद्र पाहिला आणि डोळा काढून पुन्हा नुसत्या डोळ्यांनी पाहिला, तोच आहे ना याची खात्री करायला. मग कृत्तिका पाहिल्या. देवयानीतली आकाशगंगा पाहिली. आणि चंद्र मावळायला लागल्यावर शुभदानं नळी तिमिंगल नावाच्या तारकांच्या घोळक्याकडं वळवली, एका अंधुक ताऱ्यापाशी आणली, तिथून केसभर सरकवली.

"बघा."

आत्यांना आधी काही दिसेना. मग एक धुकट ठिपका दिसला, फुंकर घातलेल्या राखेसारखा. "सरळ रोखून बघू नका," शुभदा कानाशी म्हणाली. "नजर जरा बाजूला ठेवा. आपोआप दिसेल." आत्यांनी नजर बाजूला नेली. आणि त्या राखेच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा एक कण उजळला.

चकलीची वळणं काही दिसत नव्हती. ती तेवढ्याशा आरशात दिसणारही नव्हती. पण निखारा दिसत होता. आत्या बराच वेळ डोळा हलवीनात.

"किती लांब आहे म्हणालीस?"

"हा उजेड निघाला तेव्हा माणूसच नव्हता पृथ्वीवर."

"आणि इतकी वर्षं चालत कुठं आला? तर डोंबिवलीला," आत्या म्हणाल्या, आणि त्यांना एकदम इतका आनंद झाला की त्यांनी शुभदाच्या पाठीत धपाटा घातला.

त्यानंतर त्यांना नादच लागला. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसचा उजेड ज्या बाजूला असायचा ती सोडली तर आकाश काळंभोर होतं. जेवणं आटोपली की त्या अंगणात. दुर्बीण एका जागी ठेवली की चांदणी सरकत सरकत दृष्टीआड होते; तिला धरून ठेवायचं तर नळी हाताच्या बोटानं हलकेच ढकलत राहावं लागतं. शुभदानं ते शिकवलं आणि आत्यांच्या बोटांनी उचललं.

पौषात शुभदाची लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. नव्या नवरीचं हळदीकुंकू म्हणजे आळीतल्या सगळ्या सवाष्णी येणार, आणि प्रत्येकीला काहीतरी वाण द्यायचं: वाटी, फणी, कंगवा, आरसा. "वाण काय लुटायचं गं?" आत्यांनी विचारलं. शुभदानं अंगणाकडं बोट दाखवलं.

"तिकडची चकली."

"चल! लोक हसतील."

"हसू देत. संक्रांतीच्या दिवसांत हसलेलं बरं."

आणि योगही असा, की त्या वर्षी संक्रांत अमावास्येला लागूनच आली होती. चंद्राची नुसती कोर, तीही दिवेलागणीलाच मावळणारी. तिमिंगल संध्याकाळीच डोक्यावर येत होता. याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

संक्रांतीला संध्याकाळी आळीतल्या बायका आल्या. शुभदा काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून बसली होती. हलली की हलव्याचा खुळखुळ आवाज यायचा. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, उखाणे झाले. मग आनंदनं कंदील बारीक केले आणि सगळ्या जणी कुजबुजत, हसत अंगणात आल्या. आत्या दुर्बिणीपाशी उभ्या होत्या. चांदणी लावून, बोट नळीवर ठेवून. त्या आतल्या खोलीतून मागच्या दारानं आधीच तिथं येऊन थांबल्या होत्या, कारण हळदीकुंकवाच्या बैठकीत विधवेनं समोर यायचं नसतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण अंगण म्हणजे काही बैठक नव्हे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

काकू जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "गोदूबाई, राग मानू नका हो. पोरीची पहिली संक्रांत आहे. सवाष्णींचं कार्य. वाण तुमच्या हातून... तुम्हाला कळतंच."

काकूंच्या मनात विष नव्हतं. त्या जे ऐकत आल्या होत्या ते बोलत होत्या. आणि आत्याही तेच ऐकत आल्या होत्या, म्हणून "कळतं की" असं म्हणून त्यांनी नळीवरचं बोट काढलं आणि आत गेल्या. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. राग आला नाही. फक्त बोटाला एकदम रिकामं वाटलं.

बाहेर हळूहळू गलका सुरू झाला. "मला तर काही दिसत नाही." "मगाशी होतं म्हणे." "गेलं वाटतं." मग हलव्याचा खुळखुळ आवाज आत येताना ऐकू आला आणि शुभदा दारात उभी राहिली.

"आत्या, मला सापडत नाहीये."

"तुला? अगं, तू डोळे मिटून लावशील."

"सापडत नाहीये, म्हटलं ना," शुभदा मोठ्यानं, बाहेर स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग पुढं होऊन हळूच पुटपुटली, "आणि तुम्ही आल्याशिवाय सापडणारही नाही. बघतेच मी." काळ्या चंद्रकळेत तिचे डोळे नुसते हसत होते.

आत्यांनी तिच्याकडं पाहिलं. ही पोरगी खोटं बोलत होती, धडधडीत, सणासुदीला, आणि कशासाठी बोलत होती ते आत्यांना पुरतं कळलं. त्यांना हसूच आलं. त्यांनी आधण उतरवलं, हात पदराला पुसले.

"चल. तुझ्यानं काही व्हायचं नाही."

त्या अंगणात आल्या तेव्हा बायका आपोआप बाजूला झाल्या. आत्यांनी नळीला डोळा लावला. अंधुक तारा सापडला. तिथून केसभर. राख, आणि राखेत निखारा. त्यांनी मान वर केली.

"काकू, तुम्ही या आधी."

काकू घुटमळल्या. सगळी आळी बघत होती. नाही म्हणावं तर कुतूहल सुटत नव्हतं. महिनोन्‌महिने कुंपणापलीकडून त्यांनी ही प्रदक्षिणा पाहिली होती. त्या पुढं आल्या आणि वाकल्या.

"मला काही दिसत नाही हो, गोदूबाई."

"रोखून बघू नका. नजर जरा बाजूला. हां. आता श्वास सोडा."

काकूंनी श्वास सोडला. मग इतका वेळ वाकून राहिल्या, की मागच्या बायका पावलं घासायला लागल्या.

"अगं बाई," काकू शेवटी हळूच म्हणाल्या. "आहे गं. मधे बारीक टिकली आहे. आता हलली. कुठं चालली ती?"

"ती नाही जात. आपण जातो. पृथ्वी फिरते ना," आत्या म्हणाल्या आणि बोटानं नळी ढकलली. "आली?"

"आली!"

मग एकच झुंबड उडाली. एकीला दिसलं की ती दुसरीला सांगायची आणि दुसरीला धीर निघेना. कुणी म्हणालं दिव्याची काजळी झटकल्यासारखं, कुणी म्हणालं तान्ह्या मुलाच्या टाळूसारखं. आत्या प्रत्येकीच्या उंचीप्रमाणं पाट सरकवत होत्या, नजर बाजूला न्यायला सांगत होत्या, चांदणी धरून ठेवत होत्या. फाटकाशी रंगूबाई दुधाची कासंडी घेऊन उभी होती. तिलाही त्यांनी हाक मारली. तिनं डोळा लावला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "आगो, धुक्यान काजवा बसलाय!" त्यापेक्षा चांगलं वर्णन त्या दिवशी कुणालाच जमलं नाही.

सगळ्यांचं पाहून झालं आणि आत्यांनी बघितलं, तर रांगेच्या शेवटी काकू पुन्हा येऊन उभ्या होत्या. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी आधी पदराच्या गाठीतला तिळगूळ काढून आत्यांच्या हातावर ठेवला.

"घ्या. आणि गोड बोला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मी बोलले ते विसरा."

"तिळगूळ कडक आहे हो काकू," आत्या एक लाडू दाढेखाली धरत म्हणाल्या. "दात पडेल." आणि दोघी अंधारात हसल्या.

त्या वाणाची बातमी आळीबाहेर गेली. रथसप्तमीपर्यंत कुठून कुठून बोलावणी आली. कळव्याहून शुभदाच्या मावशीनं बोलावलं, शहाडला नदीकाठच्या एका भजनी मंडळानं बोलावलं. गावी परत जायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आत्यांच्या तर मुळीच नाही. आरसा त्या कुणाच्या हाती देत नसत. रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसत.

शुभदाच्या शाळेनं बोलावलं तेव्हा दोघी टांग्यातून निघाल्या. कल्याणच्या शाळेच्या मैदानावर दोन वेण्या घातलेल्या मुलींची ही लांबच लांब रांग. अंधार पडला. आत्यांनी पाट मांडला, नळी लावली. मुली एकेक करून येत होत्या, बघत होत्या, "अय्या" म्हणत होत्या. चित्रा नावाची एक काटकुळी मुलगी आली. तिनं बघितलं, आणि "अय्या" म्हटलं नाही. डोळा न काढताच विचारलं, "आजी, त्या मधल्या ठिपक्याच्या आत काय आहे?"

"मला नाही माहीत."

"बाईंना?"

"विचार."

शुभदानं मान हलवली. "मलाही नाही माहीत, चित्रा. अजून कुणालाच नाही."

मुलीनं डोळा काढला आणि आळीपाळीनं दोघींकडं बघितलं. मोठी माणसं इतक्या सहजपणे असं सांगतात यावर तिचा विश्वास बसेना.

"मग कळणार कसं?"

"तू शीक आणि येऊन सांग," आत्या म्हणाल्या. "पण लवकर ये हो. मला ते ऐकायचंय." त्यांनी पाट थोडा पुढं सरकवला, नळीवर बोट टेकलं आणि रांगेकडं वळून हाक दिली, "हं, पुढची कोण?"